रुग्णवाहिकेला हिरवा सिग्नल: इंदूरमध्ये बुद्धिमान वाहतूक यंत्रणेची आखणी कशी करावी

बुद्धिमान वाहतूक यंत्रणेत, म्हणजे संगणक आणि संपर्काच्या मदतीने सिग्नल व वाहने जोडणाऱ्या व्यवस्थेत, सिग्नलवर किती कॅमेरे बसवायचे आणि कंट्रोल रूमसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे, या प्रश्नांपासून आखणी सुरू झाली की खरेदी होते, पण रस्त्यावरची अडचण तशीच राहते. प्रणाली अभियांत्रिकीची रीत उलटी आहे: आधी गरज, मग मोजता येणाऱ्या अपेक्षा, मग संरचना (कोणता भाग कोणाशी कसा जोडायचा याचा आराखडा) आणि सर्वांत शेवटी उपकरणे. अमेरिकेत 2001च्या नियमाने, केंद्रीय महामार्ग निधी घेणाऱ्या बुद्धिमान वाहतूक प्रकल्पांना प्रणाली अभियांत्रिकीचे विश्लेषण आणि प्रादेशिक संरचनेशी सुसंगती बंधनकारक केली. ही रीत आपल्या शहरात कशी वापरावी, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, विजयनगरकडून पलासिया, गीता भवन या बाजूने एमवाय रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णवाहिकेला एबी रोडवरचे सिग्नल वेळेवर हिरवे मिळावेत, अशी गरज आहे. पहिले काम म्हणजे साध्या मराठीत किंवा हिंदीत चार-पाच पानांचे कार्यसंकल्पना-टिपण लिहिणे. चालक काय करतो, कंट्रोल रूममधल्या माणसाला काय दिसते, चौकातल्या वाहतूक पोलिसाने कधी हस्तक्षेप करायचा, दोन रुग्णवाहिका दोन दिशांनी आल्या तर कोणाला आधी सोडायचे आणि नेटवर्क गेले तर काय होईल, हे त्यात घटनाक्रमाने यावे. ते टिपण चालकांना आणि चौकात उभ्या राहणाऱ्या शिपायांना वाचून दाखवावे. टेबलाशी बसून न सुचणाऱ्या निम्म्या अडचणी तेच सांगतात.

त्यानंतर अपेक्षा लिहाव्यात. ‘सिग्नल लवकर बदलावा’ हे वाक्य तपासता येत नाही, म्हणून ते अपेक्षा ठरत नाही. आकडा हिशेबातून काढावा लागतो. रस्ता 24 मीटर रुंद आहे आणि पादचारी सेकंदाला 1.2 मीटर चालतो असे धरले, तर नुकताच उतरलेला माणूस पलीकडे पोचायला 20 सेकंद लागतात, आणि रुग्णवाहिकेसाठीही ही वेळ कापता कामा नये. पिवळा दिवा आणि सर्व बाजूंचा लाल मिळून 5 सेकंद, पुढे उभ्या दहा वाहनांची रांग दर वाहनामागे 2 सेकंदांनी सुटायला 20 सेकंद, आणि वाहनातले यंत्र दर 10 सेकंदांनी ठिकाण कळवत असेल तर तेवढा विलंब. एकूण 55 सेकंद. ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर वेगाने रुग्णवाहिका तेवढ्यात 550 मीटर पुढे येते. म्हणून विनंती चौकाच्या किमान 550 मीटर आधी पोचली पाहिजे. मधे दुसरा सिग्नल असेल तर दोन्ही चौकांचा विचार एकत्र करावा लागेल. यंत्र दर 2 सेकंदांनी ठिकाण कळवू लागले तर 80 मीटर वाचतात. कोणते उपकरण घ्यावे हे आता हिशेबच सांगतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक चौकाची रुंदी आणि रांग प्रत्यक्ष मोजूनच घ्यावी.

मग संरचना. अमेरिकेच्या आर्क-आयटी या संदर्भ-संरचनेत संस्था, कार्ये, भौतिक घटक आणि संपर्क अशा चार दृष्टींनी पाहतात. आपल्याकडे मला संस्थांची दृष्टी सर्वांत मोलाची वाटते, कारण एका चौकात नगर निगम, वाहतूक पोलीस, रुग्णवाहिका सेवा आणि रुग्णालय असे चौघे येतात. एका कागदावर चार चौकटी काढाव्यात. त्यांना जोडणाऱ्या प्रत्येक बाणावर कोणती माहिती, कोणाकडून कोणाकडे, किती वेळात जाते ते लिहावे आणि त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याची सही घ्यावी. सही न मिळालेला बाण म्हणजे बंद पडणारी यंत्रणा. संदेशांची रचना खुल्या मानकांवर, म्हणजे कोणतीही कंपनी वापरू शकेल अशा जाहीर नियमांवर ठेवावी, म्हणजे उद्या सिग्नलचा नियंत्रक दुसऱ्या कंपनीचा आला तरी बाण तुटत नाही.

प्रत्येक अपेक्षेसमोर तिची चाचणी त्याच दिवशी लिहून ठेवावी. लिहिल्याप्रमाणे यंत्रणा बांधली का, ही पडताळणी वेगळी. आणि रुग्ण खरोखर लवकर पोचला का, ही खात्री वेगळी. दुसरीसाठी काम सुरू होण्यापूर्वीच प्रवासाचे वेळ नोंदवावे लागतात, आणि नेमके तेच राहून जाते.

रस्ता बदलतो, हेही गृहीत धरावे. एबी रोडवर 2013मध्ये बीआरटीएस (राखीव मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा) सुरू झाली आणि फेब्रुवारी 2025मध्ये उच्च न्यायालयाने ती हटवण्यास मान्यता दिली. म्हणून ‘बसमार्गिकेतून’ अशी अपेक्षा न लिहिता ‘ठरलेल्या मार्गावरून’ असे लिहावे. मार्गिका गेली तरी नकाशा बदलून काम चालते. देखभालीचा खर्च निविदेतच धरावा, संदेशांची रचना, नकाशे आणि पासवर्ड निगमच्या मालकीचे राहतील अशी अट घालावी आणि करार संपण्याच्या सहा महिने आधी निगमच्या कर्मचाऱ्यांनी ठेकेदाराच्या मदतीशिवाय एक आठवडा यंत्रणा चालवून पाहावी.