रात्रीच्या उंदीर-नियंत्रणासाठी परवडणारा डिजिटल स्कोप कसा निवडावा

हिवाळा लागला की ब्रिटनमधल्या शेतांवरचे उंदीर धान्याच्या कोठारांकडे आणि कोंबड्यांच्या खुराड्यांकडे वळतात. विष घालावे, तर मेलेला उंदीर घुबडाने खाल्ल्यावर त्यालाही बाधा होते. म्हणून अनेक शेतकरी एअरगन (हवेच्या दाबाने छर्रा मारणारी बंदूक) चालवणाऱ्याला रात्री बोलावतात. तिकडे राहणारे आपले काही लोकही या छंदात उतरले असतील, तर पहिली मोठी खरेदी असते डिजिटल स्कोपची, म्हणजे अंधारातले चित्र आतल्या छोट्या पडद्यावर दाखवणाऱ्या, बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीची. ३०० ते ६०० पौंडांत आज बरा स्कोप मिळतो. पार्ड, हिकमायक्रो, साइटमार्क, एटीएन ही नावे दुकानात हमखास ऐकू येतात. पण नाव शेवटी बघायचे.

आधी कायदा आणि परवानगी

इंग्लंड-वेल्समध्ये १२ फूट-पौंडांपर्यंतच्या (हे छर्ऱ्याच्या ताकदीचे माप) एअर रायफलला सर्टिफिकेट, म्हणजे परवाना, लागत नाही. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून लागते. जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या. हरणावर एअरगन चालवायचीच नाही. भारतातल्या वाचकांसाठी स्पष्ट सांगतो: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इथे शिकारीला बंदी आहे आणि परवान्याशिवाय मिळणारी एअरगन हाती असली तरी शिकारीची मुभा मिळत नाही. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेतही हा स्कोप चालत नाही. तिथे डायॉप्टर साइट, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायची सोय, वापरतात.

मग आपली बंदूक आणि आपले अंतर

दिवसा शेतावर जा आणि अंतरे मोजा. कोठारात १० ते २० मीटर, अंगणात फार तर ३५. एवढ्यासाठी ३ ते ५ पट मूळ मॅग्निफिकेशन पुरते. जाहिरातीतले ‘२० पट’ बहुधा डिजिटल झूम असते, म्हणजे मोबाईलवर फोटो बोटांनी ताणून मोठा करण्यातला प्रकार: आकार वाढतो, तपशील वाढत नाही. त्यापेक्षा समोरची लेन्स १० मीटरवर नीट फोकस होते का, ते विचारा. लांबच्या शिकारीसाठी बनवलेले काही स्कोप इतक्या जवळ धूसरच दिसतात.

बंदूक स्प्रिंगची असेल तर जास्त जपा. तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे बसतो, आणि काडतुसाच्या मोठ्या रायफलवर टिकलेला स्कोपही त्याने खिळखिळा होऊ शकतो. ‘स्प्रिंग एअरगनला चालेल’ असे उत्पादकाने लिहून दिले असेल तरच घ्या. पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, बंदुकीला ही काळजी जवळजवळ नाही. माउंट, म्हणजे स्कोप बंदुकीवर बसवायची पकड, तीही तपासा: बहुतेक एअरगनवर ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते आणि स्कोपसोबत बहुधा पिकॅटिनी रेल या वेगळ्या, रुंद पट्टीचा माउंट येतो. स्कोपची नळी ३० मिलिमीटरची असली तर साध्या रिंगांनी काम भागते.

चित्राची पारख

सेन्सरवर ‘४के’ लिहिलेले असते, पण डोळा पाहतो तो आतला छोटा पडदा. पडदा कमी रिझोल्यूशनचा असेल तर सेन्सरचे वाढीव पिक्सेल झूम केल्यावरच थोडे उपयोगी पडतात. दोन्ही आकडे विचारा. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रे) ५० च्या आसपास हवा, नाहीतर पळणारा उंदीर पडद्यावर मागे पडतो.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच: आपल्या अंतरावर समोरचा प्राणी नक्की कोणता, हे ओळखू येते का? ‘३०० मीटरवर दिसतो’ म्हणजे नुसता ठिपका दिसतो. उंदीर की हेजहॉग (तिकडचा छोटा काटेरी प्राणी), त्याच्या मागे भिंत की रस्ता, हे कळल्याशिवाय चाप ओढायचा नाही. आणि स्कोपमधून परिसर न्याहाळायचाही नाही, कारण मग बंदुकीची नळीच सगळीकडे फिरते. त्यासाठी हातातली वेगळी दुर्बीण ठेवा.

इन्फ्रारेड टॉर्च

अंधारात डिजिटल स्कोपला डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या प्रकाशाच्या या टॉर्चचा आधार लागतो. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश लांब पोचतो, पण टॉर्चच्या तोंडाशी मंद लाल ठिपका दिसतो. ९४० चा ठिपका दिसत नाही, पण पल्ला कमी. कोठारातल्या बुजऱ्या उंदरांसाठी मी ९४० घेईन. तीव्रता आणि झोत कमी-जास्त करता आलाच पाहिजे, कारण पांढऱ्या भिंतीजवळ पूर्ण तीव्रतेचा प्रकाश सगळे चित्र धुवून टाकतो. बॅटरीचे तास टॉर्च चालू धरून विचारा. १८६५० जातीचा सेल बदलता येत असेल तर उत्तम.

रेंजफाइंडरवर (अंतर मोजणाऱ्या यंत्रावर) पैसे घालावेत का?

३० मीटरवर झीरो केलेल्या (म्हणजे तिथे नेम आणि छर्रा एकाच जागी जुळवलेल्या) ०.१७७ इंची बंदुकीचा छर्रा ४० मीटरवर साधारण ३ सेंटीमीटर खाली बसतो, आणि स्कोप नळीच्या बराच वर असल्याने १० मीटरवरही सुमारे १ सेंटीमीटर खाली. ०.२२ मध्ये लांबचा फरक आणखी वाढतो. उंदराच्या डोक्यासाठी ३ सेंटीमीटर म्हणजे जखमी होऊन बिळात तडफडणारा जीव. त्यामुळे अंतर कळणे गरजेचेच. पण त्यासाठी महाग मॉडेल लागत नाही: दिवसा अंतरे मोजून खांबांवर खुणा करून ठेवा.

घरी आल्यावर

ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत परत करण्याचा हक्क सहसा असतो, पण ती वापरून खराब केली तर पैसे कापले जाऊ शकतात. म्हणून बंदुकीवर चढवण्याआधी स्कोप हातात धरून अंधाऱ्या शेडमध्ये बघा: १० आणि ३० मीटरवर छापील अक्षरे वाचता येतात का, डोळ्याला त्रास होतो का, अंधारात बटणे सापडतात का. ठीक वाटले तर माउंट कसा आणि दिवसा कागदावर झीरो करा. बहुतेक स्कोपमध्ये चित्र गोठवून क्रॉसहेअर (नेमाची फुली) छिद्रावर नेण्याची सोय असते. पण एका छिद्रावर विसंबू नका, पाच छर्रे मारून त्यांच्या मध्यावर न्या. मग रात्री टॉर्च लावून त्याच कागदावर पुन्हा पाच छर्रे मारा. दोन्ही गट एकाच जागी बसले की शेतकऱ्याला फोन करा.