आठवी ते दहावी : मुंबईत छंद कसा निवडावा आणि कसा टिकवावा

छंद निवडताना बहुतेक जण आवडीपासून सुरुवात करतात. मुंबईत ती वेळापत्रकापासून करावी, असे शाळेत छंदवर्ग चालवल्यानंतर माझे मत झाले आहे. एका कोऱ्या कागदावर आठवड्याचे सात रकाने आखा आणि शाळा, क्लास, प्रवास, गृहपाठ, जेवण व झोप यांचे तास खोडून टाका. दुपारच्या अधिवेशनाला जाणाऱ्या आणि संध्याकाळी क्लास असलेल्या नववीच्या मुलाच्या कागदावर सहसा दोन-तीन सुटे तास आणि रविवारची सकाळ एवढेच उरते. जो छंद एवढ्यात मावतो, तोच दिवाळीनंतरही चालू राहतो. रोज दोन तासांचा सराव मागणारी गिटार हौसेने घेतली जाते आणि पहिल्या चाचणी परीक्षेनंतर गणपतीच्या सामानाशेजारी माळ्यावर जाऊन बसते.

दुसरा हिशोब जागेचा. कॅरम चाळीत इतका रुजला, त्याचे एक कारण मला असे वाटते की खेळून झाल्यावर बोर्ड भिंतीला टेकवून ठेवता येतो. तुमच्या घरात स्वतंत्र टेबल नसेल, तर बुटांच्या खोक्यात मावेल असा छंद पाहा. टपाल तिकिटांचा संग्रह हा त्यातला सर्वात सोयीचा आणि हल्ली उगाचच जुनाट समजला जाणारा छंद आहे. सुरुवात ‘जगातील सर्व तिकिटे’ अशी करू नका. पक्षी, रेल्वे किंवा किल्ले असा एकच विषय घ्या, म्हणजे शंभर तिकिटांतही संग्रहाला आकार येतो. सीएसएमटीजवळच्या जीपीओमध्ये (मुख्य टपाल कार्यालयात), म्हणजे १९१३ साली पूर्ण झालेल्या त्या घुमटाच्या इमारतीत, फिलाटेली म्हणजे तिकीटसंग्रहाचा विभाग आहे. तेथे २०० रुपये भरून ठेव खाते उघडले की नवी तिकिटे मिळत राहतात. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी टपाल खात्याने २०१७ साली दीनदयाळ स्पर्श योजना सुरू केली असून, तिच्यात निवड झाल्यास वर्षाला ६,००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी शाळेच्या फिलाटेली क्लबचे सभासदत्व किंवा स्वतःचे ठेव खाते लागते, एवढे ध्यानात ठेवा.

वापरलेली तिकिटे पाकिटावरून सोडवणे हे या छंदातील खरे हातकाम आहे. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून तुकडा कापा आणि तो साध्या पाण्याच्या ताटलीत पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवा. रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळ्या ताटलीत भिजवा, नाहीतर पाकिटाचा लाल रंग सगळ्या तिकिटांना लागतो. डिंक विरघळला की तिकीट आपोआप सरकते. ते ओढायचे नाही, सरकू द्यायचे. मागचा चिकटपणा पाण्यात हलकेच घालवून, चित्राची बाजू खाली करून ते स्वच्छ सुती कापडावर वाळवा. वर्तमानपत्रावर वाळवल्यास शाई उमटते. किंचित ओलसर असतानाच जाड पुस्तकात दाबून ठेवले, तर ते वळत नाही. मात्र पाकिटावरचा शिक्का सुवाच्य आणि वेगळा असेल, तर तिकीट न कापता पाकीटच जपावे. बोटांचा घाम लागू नये म्हणून तिकीट चिमट्यानेच उचलावे. मी स्वतः विद्यार्थिदशेत फोटोंच्या चिकट पानांच्या अल्बममध्ये चाळीसेक तिकिटे लावली होती. दोन पावसाळ्यांनंतर ती पानांपासून सुटली नाहीत, ती नाहीच. तिकिटांसाठी स्टॉक बुकच, म्हणजे पट्ट्यांमध्ये तिकिटे न चिकटवता खोचण्याची वहीच घ्या, ते उभे ठेवा आणि जून ते सप्टेंबर कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

घरात बसणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी या शहराजवळ एक फुकटचे दालन आहे, ते म्हणजे ओहोटीचा किनारा. त्याची वेळ काढण्यासाठी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे तिथींचे कॅलेंडर पुरते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची अंदाजे वेळ मिळते. तृतीया असेल, तर तिनाचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी, सकाळी आठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशोब तोच. अमावास्या आणि पौर्णिमेच्या लगतच्या उधाणात पाणी सर्वात दूर जाते, म्हणून द्वितीया ते चतुर्थी यांपैकी एखादी तिथी रविवारी आली, तर ती सोडू नका. हा आडाखा दिवस निवडण्यापुरता आहे. निघण्यापूर्वी वर्तमानपत्रातील किंवा अधिकृत भरती-ओहोटीच्या तक्त्यातील नेमकी वेळ पाहावी आणि ओहोटीची उंची एक मीटरहून कमी आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

कार्टर रोड, जुहूचा खडकाळ भाग किंवा गिरगाव चौपाटी येथे ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि खडकांमधल्या एखाद्या डबक्यापाशी दहा मिनिटे न हलता बसा. प्रथम काहीच दिसत नाही. मग एक शंख चालू लागतो आणि त्याच्या तोंडातून पाय बाहेर आलेले दिसतात. तो रिकाम्या शंखात घर केलेला खेकडा असतो. खडकावरचा चिखलाचा गोळा वाटलेली वस्तू पाण्याखाली पाकळ्या उघडते, तेव्हा ते समुद्रफूल असल्याचे कळते. तुमची सावली पडली की ते मिटूही शकते, म्हणून सूर्याकडे तोंड करून बसा. जिवंत शंख उचलू नका, कारण काही शंख विषारी दंश करतात. उलटवलेला दगड जसा होता तसाच परत ठेवा. पायात मागे पट्टा असलेली जुनी चप्पल किंवा बूट हवेत, कारण कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. एकट्याने जाऊ नये, सोबत घरातील मोठे माणूस असावे आणि पाणी फिरले की परतावे. वांद्र्याच्या खडकांवर ‘अजून पाच मिनिटे’ म्हणत थांबलेल्यांचे अपघात झालेले आहेत. पावसाळ्यात हा छंद पूर्ण बंद ठेवा: तेव्हा खडक शेवाळलेले असतात आणि निळ्या फुग्यासारखा दिसणारा ब्लू बॉटल हा दंश करणारा जीव किनाऱ्याला लागतो.

हेच पाऊणपटीचे गणित शिवडीला उलट्या बाजूने उपयोगी पडते. तेथील रोहित पक्षी (फ्लेमिंगो) हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत दिसतात, पण पूर्ण ओहोटीला ते दूर चिखलात विखुरतात. पाणी चढत असताना किंवा उतरू लागल्यावर ते जवळ असतात. त्यामुळे सकाळी जायचे असेल, तर दशमी ते द्वादशी पाहावी, कारण तेव्हा भरती सकाळी साडेसात ते नऊच्या सुमारास येते.

अंगमेहनतीचे छंद वेगळ्या शिस्तीचे आहेत. शिवाजी पार्कला मल्लखांब शिकता येतो, पण एरंडेल चोळलेल्या त्या लाकडावर पकड बसायला नियमित सराव लागतो. नववीत नव्याने सुरुवात करायची झाल्यास तो मैदानाशेजारी राहणाऱ्यांनाच जमतो. डोंबिवलीहून रोज दादर गाठण्यापेक्षा जवळची व्यायामशाळा बरी. आकाशनिरीक्षणासाठी शहरातील उजेडात हात टेकावे लागतात. वरळीच्या नेहरू तारांगणात ओळख करून घ्यावी आणि एखाद्या गटासोबत वांगणीसारख्या काळोखाच्या ठिकाणी रात्र काढावी. मोबाइलवरील खेळ हा विरंगुळा आहे, त्याला छंद म्हणू नये आणि गुन्हाही समजू नये.

चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा उत्तीर्ण झाल्यास श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात. ते जरूर घ्यावेत, परंतु गुणांसाठी छंद धरलेली मुले निकालानंतर ब्रश हातात घेत नाहीत, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की पालकांनी मुलाला आधी दोन महिने नुसती रेखाटने करू द्यावीत, अशी माझी विनंती असते.

दहावीत छंद सोडू नका, लहान करा. निरीक्षणांची किंवा तिकिटांची एक वही ठेवा आणि महिन्यातून एका रविवारी अर्धा तास तिच्यात भर घाला. तारीख, ठिकाण, तिथी आणि दोन ओळी पुरेत. बोर्डाची लेखी परीक्षा संपेल, त्यानंतरच्या पंधरवड्यातील द्वितीया ते चतुर्थीवर कॅलेंडरमध्ये आजच पेन्सिलीने खूण करून ठेवा. उन्हाळ्यात साडेनऊनंतर खडक तापतात, म्हणून त्या दिवशी पहिली गाडी पकडा.