आमेलेचं वाक्य कसं सोडवायचं: मराठी कुठे नडते, कन्नड कुठे तारते

आमेले ही पापुआ न्यू गिनीत, मदांग शहराजवळ काही हजार लोकांची भाषा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्याला ती वाटते तितकी परकी नाही. क्रियापद शेवटी येतं, हे तर आपलंच.

आधी उच्चार. रोमन लिपीतली दोन अक्षरं हमखास फसवतात. 'सी' म्हणजे च किंवा क नव्हे. नकार देताना आपण 'अं-अं' करतो, तेव्हा मध्ये घसा क्षणभर बंद होतो. तोच हा आवाज. इथे तो ऽ ने दाखवलाय. 'क्यू' म्हणजे ग आणि ब एकदम. 'आगबोट' म्हणा, पण ग च्या आधीच ओठ मिटा आणि घसा व ओठ एकाच वेळी सोडा. ग आधी सुटला तर 'गबो' असे दोन तुकडे ऐकू येतात.

आता दोन वाक्यं वहीत एकाखाली एक उतरवा. प्रत्येक तुकड्याखाली त्याचा अर्थ लिहायला जागा सोडा.

१) इजा हु-म्-इग साब ज्-इग्-आ.
मी आलो आणि जेवण खाल्लं.

२) इजा हो-ऽओ-मिन साब जा-ग्-आ.
मी आलो आणि तू जेवण खाल्लंस.

'इजा' म्हणजे मी, 'साब' म्हणजे अन्न. सोडवायला शेवटून लागा. 'इग' मी, 'ग' तू. इथे मराठी नडते: 'मी भाकरी खाल्ली, तू भात खाल्लास' यात आपलं क्रियापद भाकरी-भाताकडे बघतं, त्यामुळे नवखा माणूस 'ज्-इग्-आ'च्या शेपटात अन्नाचं लिंग शोधत बसतो. आमेलेत ते कर्त्याकडे बघतं. इकडच्या कन्नडातलं 'ना तिंदे, नी तिंदी' डोक्यात ठेवा, घोळ होत नाही.

मग पहिलं क्रियापद. 'म्' म्हणजे पुढेही कर्ता तोच, आपलं 'येऊन', कन्नडचं 'बंदु'. 'ऽओ' म्हणजे पुढे कर्ता बदलणार. इथे मराठीला 'मी आल्यावर तू' असं वळण घ्यावं लागतं. सगळ्यात जास्त चुका 'मिन'वर होतात. कर्ता बदलणार म्हटल्यावर 'मिन' म्हणजे 'तू' असं लोक धरून चालतात. नाही. 'मिन' म्हणजे मीच, जो आला तो. पुढचा कोण, ते पुढच्याच क्रियापदात कळतं. (हु आणि हो हे एकाच 'येणे'चे रूप, त्यावर वेळ घालवू नका.)

शेवटचा 'आ' म्हणजे आज घडलेलं. कालच्यासाठी वेगळा प्रत्यय, त्याहून जुन्यासाठी आणखी वेगळा. म्हणून वाक्य टिपताना शेजारी तारीख हवीच. नाहीतर आठवड्याने वही उघडून तेच वाक्य म्हणाल आणि ते आज घडल्यासारखं होईल.