पिकलबॉल खेळायला जाण्याआधी

पिकलबॉल म्हणजे पॅडल नावाच्या बॅटने भोकांचा प्लास्टिकचा चेंडू जाळ्यावरून मारायचा खेळ. पहिल्यांदा तो खेळायला निघालेला माणूस हमखास विचारतो, पॅडल कोणतं घेऊ? माझं सांगणं असतं, आधी बूट बघा. या खेळात सरळ धावणं थोडं. आडवं सरकणं, वाकणं आणि झटकन थांबणं जास्त. धावायच्या बुटांचा तळ उंच आणि मऊ असतो, तो पुढे पळण्यासाठी बनवलेला असतो. आडवं थांबताना त्यातच घोटा मुरगळतो. बाहेरच्या सिमेंटच्या कोर्टवर टेनिसचे बूट चालतात. आतल्या लाकडी किंवा सिंथेटिक कोर्टवर बॅडमिंटनचे, डाग न पाडणाऱ्या तळाचे. एकाच गोष्टीवर पैसे घालणं शक्य असेल, तर ते इथे घाला.

पॅडल पहिले काही दिवस कुणाचं तरी मागून घ्या, जमलं तर दोन-तीन प्रकारची. विकत घ्यायची वेळ आली की वजन बघा. बहुतेक पॅडल 210 ते 240 ग्रॅमच्या आसपास असतात. जड पॅडलने फटक्याला जोर येतो, हलकं पॅडल जाळ्याजवळ चटकन फिरवता येतं. जुनी कोपरदुखी असेल तर फार जड पॅडलच्या वाटेला जाऊ नका. गाभ्याची जाडी साधारण 13 किंवा 16 मिलिमीटर मिळते. जाड गाभ्यावर चेंडू कमी उसळतो, त्यामुळे नवख्याला 16 बरा. पॅडलची मूठ आवळून पाहा: बोटांची टोकं आणि तळव्याची गादी यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. मन ठरत नसेल तर बारीक मूठ घ्या. वरून ग्रिप गुंडाळून ती जाड करता येते, जाड मूठ बारीक करणं अवघड. नियमात लांबीची मर्यादा 17 इंच आहे, लांबी-रुंदी मिळून 24 इंच. वजनावर बंधन नाही.

चेंडू दोन प्रकारचे. आत खेळायचा बहुधा 26 मोठ्या भोकांचा आणि मऊ, बाहेरचा 40 लहान भोकांचा आणि कडक. तो वाऱ्यात कमी भरकटतो. थंड हवेत प्लास्टिक लवकर तडकतं, म्हणून पिशवीत दोन-तीन चेंडू असू द्या. तडकलेल्या चेंडूचा आवाज लगेच बदलतो.

कोर्ट स्वतः आखणार असाल तर मोजपट्टी आणि चिकटपट्टी हवी. कोर्ट 20 फूट रुंद, 44 फूट लांब, एकेरीला आणि दुहेरीलाही तेवढंच. बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाचंही हेच माप आहे, आणि तो योगायोग नाही: 1965 मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी हा खेळ जुन्या बॅडमिंटन कोर्टवरच सुरू केला. म्हणून बॅडमिंटनच्या बाहेरच्या रेषा खुशाल वापरा, पण जाळ्याजवळची रेषा वापरू नका. बॅडमिंटनमध्ये ती जाळ्यापासून साडेसहा फुटांवर असते, पिकलबॉलची सात फुटांवर. ते सहा इंच चुकीचे अंगवळणी पडले की खऱ्या कोर्टवर फॉल्ट, म्हणजे नियमातल्या चुका, होत राहतात. जाळं कडेला 36 इंच, मधोमध 34 इंच.

या सात फुटांच्या पट्ट्याला किचन म्हणतात, आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच. किचनमध्ये पाय ठेवायला मनाई आहे, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. आत केव्हाही जा, टप्पा पडलेला चेंडू तिथून मारा, तिथेच उभे राहा. फक्त तिथून व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधी चेंडू मारणं, चालत नाही. रेषासुद्धा किचनचाच भाग. व्हॉली बाहेरून मारली आणि तोल जाऊन पाय आत पडला, तरी फॉल्ट. चेंडू तोवर मेलेला, म्हणजे त्यावरचा खेळ संपलेला असला तरीही. व्हॉली मारताना डोक्यावरची टोपी आत पडली तरी फॉल्टच. याची तयारी घरी होते. जमिनीवर एक पट्टी चिकटवा, तिच्यामागे उभं राहून व्हॉलीची हालचाल करा आणि प्रत्येक वेळी पाय जागेवर राहतात का बघा.

दुसरा नियम दोन टप्प्यांचा. सर्व्हिसचा एक टप्पा पडू द्यायचा, आणि परत आलेला चेंडू सर्व्हिस करणाऱ्या बाजूनेही टप्पा पडल्यावरच मारायचा. त्यानंतर व्हॉली मोकळी. म्हणून सर्व्हिस करून लगेच पुढे धावू नका.

सर्व्हिस खालून वर, चेंडू कमरेखाली, पॅडलचं टोक मनगटाखाली. हे जमेपर्यंत चेंडू हातातून नुसता सोडा, टप्पा पडू द्या आणि मग मारा. अशा सर्व्हिसला वरच्या तिन्ही अटी लागू नाहीत. कोणतीही सर्व्हिस तिरकी, किचनच्या पलीकडे समोरच्या चौकात पडायला हवी. किचनच्या रेषेवर पडली तर आखूड. बाकीच्या रेषांवर पडलेली चांगली. जाळ्याला लागून योग्य चौकात पडली तर खेळ चालू ठेवायचा.

गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला मिळतो. खेळ 11 गुणांचा, दोनच्या फरकाने. दुहेरीत तीन आकडे म्हणतात: आपले गुण, समोरच्यांचे, आणि सर्व्हिस करणारा पहिला की दुसरा. सुरुवात शून्य-शून्य-दोन अशी होते, कारण पहिल्या सर्व्हिसच्या वेळी सुरू करणाऱ्या जोडीत एकालाच संधी मिळते, आणि तो दुसरा धरला जातो. घरी मोठ्याने म्हणून बघा, तोंडात बसायला वेळ लागतो. रेफरी नसताना आपल्या बाजूच्या रेषांचा निर्णय आपणच द्यायचा. नक्की दिसलं नसेल तर चेंडू आत.

डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा घाला, दुहेरीत चेंडू फार जवळून येतो. उंच चेंडू डोक्यावरून गेला तर उलट पावली मागे पळू नका; खांदा वळवा, मग धावा. आणि शेजारच्या कोर्टवरचा चेंडू पायात आला, की लगेच ‘चेंडू!’ असं ओरडून थांबा. ती रॅली पुन्हा खेळली जाते.