घरच्या घरी मिरची : सप्टेंबर ते मार्च हंगामासाठी सल्ला

शेतावरची खरीप मिरची जून-जुलैमध्ये लावली जाते, परंतु गच्चीवरच्या किंवा परसातल्या कुंडीसाठी तो हंगाम सोयीचा नाही. संततधार पावसात कुंडीतली माती सतत ओली राहते, मुळे गुदमरतात आणि रोप वाढण्याऐवजी पिवळे पडते. त्यापेक्षा पावसाचा मुख्य जोर ओसरल्यावर, सप्टेंबरमध्ये बी टाकावे. हे रोप ऑक्टोबरमध्ये लावणीस येते, थंडी वाढण्यापूर्वी फांद्या धरते आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत घरापुरती हिरवी मिरची देते. पुणे, नाशिक आणि विदर्भात ऑक्टोबरनंतर बी टाकल्यास रोप थंडीत अडकून बसते. कोकणात थंडी सौम्य असल्यामुळे आणि तिथे भात कापणीनंतर मिरची लावण्याची रीतच असल्यामुळे महिनाभर उशीर चालतो.

बी टाकण्यापूर्वी जागा पाहावी. मिरचीला रोज किमान पाच ते सहा तास थेट ऊन लागते. सप्टेंबरच्या अखेरीपासून सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ ऊन मिळणाऱ्या उत्तरेकडच्या बाल्कनीत मार्चपर्यंत थेट ऊन येतच नाही. अशा ठिकाणी मिरचीचा आग्रह धरू नये. रोप उंच वाढेल, पण फुलणार नाही. दक्षिणेकडची बाल्कनी किंवा मोकळी गच्ची या हंगामात उत्तम.

स्वयंपाकघरातल्या वाळलेल्या मिरचीचे बी टाकण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. ते उगवतेही, मात्र बाजारातली मिरची बहुधा संकरित वाणाची असते, त्यामुळे तिच्या बियांपासून आलेली झाडे मूळ झाडासारखी निघतीलच असे नाही. फळसडीची बुरशीही बियांबरोबर येऊ शकते. म्हणून सुधारित वाणाचे ताजे बी घेणे बरे. पुसा ज्वालाची लांब, सुरकुतलेली, फिकट हिरवी मिरची रोजच्या फोडणीला आणि ठेच्याला चांगली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले ज्योती हा वाण झुपक्याने फळे धरतो, तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा कोकण कीर्ती किनारपट्टीच्या हवेला सरावलेला आहे. एकच झाड दोन-तीन वर्षे राखायचे असेल तर पुसा सदाबहार निवडावा. त्याच्या मिरच्या आभाळाकडे तोंड करून येतात.

रोपे पसरट कुंडीत किंवा कागदी पेल्यांत तयार करावीत. बी अर्धा सेंटिमीटरपेक्षा खोल पुरू नये आणि दाट टाकू नये. शक्य असल्यास बियांना पेरण्याआधी चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी) चोळावा. साधारण आठ ते दहा दिवसांत कोंब दिसतात. त्या दिवसापासून पाण्यावर हात आवरता ठेवावा, कारण दाट पेरणी आणि सततचा ओलावा एकत्र आले की रोपांचा बुंधा मातीलगत मऊ पडतो आणि ती एका रात्रीत कोलमडतात. कोलमडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. या अवस्थेत रोपांवर काठ्यांच्या आधाराने पातळ, विरळ विणीचे कापड किंवा कीटकरोधक जाळी लावावी. पांढरी माशी नेमकी याच कोवळ्या पानांवर बसते, आणि विषाणूची लागण जितकी लवकर तितके नुकसान मोठे असते.

चार ते सहा आठवड्यांत रोप सुमारे 15 सेंटिमीटर उंच झाले की ते संध्याकाळी मोठ्या कुंडीत हलवावे. एका रोपाला 12 इंच रुंद व तेवढीच खोल कुंडी हवी. तळाला भोके पाडलेला तेलाचा 15 किलोचा डबाही चालतो. केवळ काळी माती भरू नये, कारण ती कुंडीत पाणी धरून ठेवते आणि वाळल्यावर भेगाळते. कोकणातली जांभ्याची लाल माती पाण्याचा निचरा चांगला करते, पण तिच्यातली अन्नद्रव्ये लवकर वाहून जातात. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर निंबोळी पेंड हे मिश्रण दोन्ही ठिकाणी साधते. लावल्यावर तीन-चार दिवस रोपाला दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा.

पाण्याच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. ऑक्टोबरच्या कडक उन्हात दुपारी पाने मलूल होतात आणि संध्याकाळी आपोआप ताठ होतात. ती तहान असतेच असे नाही. बोट मातीत एक इंच घालून पाहावे आणि तेवढा थर कोरडा लागला तरच पाणी द्यावे. फुले लागल्यावर एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी चिखल असा चढउतार झाला की फुले गळतात. कडक थंडी आणि मार्चअखेरचा उकाडा यांमुळेही फुलगळ होते. ती हवामान बदलल्यावर थांबते, त्यासाठी औषध शोधत बसू नये.

दर तीन आठवड्यांनी एक-दोन मुठी गांडूळखत पुरेसे होते. युरिया देऊ नये. त्याने रोप हिरवेगार आणि लुसलुशीत होते, पण फुले कमी लागतात आणि त्या कोवळ्या पानांवर रसशोषक किडी तुटून पडतात.

घरच्या मिरचीचे सर्वांत जास्त नुकसान होते ते पाने आकसण्याने. सगळ्याच प्रकाराला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणून एकच औषध मारले जाते, आणि तिथेच उपाय चुकतो. पान होडीसारखे वरच्या बाजूला वळले असेल तर ते बहुधा फुलकिड्यांचे काम असते. शेंडा पांढऱ्या कागदावर हलकेच झटकावा; पिवळसर, सुईच्या टोकाएवढे कीटक कागदावर पळताना दिसतात. पान खालच्या बाजूला वळून अरुंद झाले आणि देठ लांबला असेल तर पिवळा कोळी या सूक्ष्म किडीचा संशय घ्यावा. तो साध्या डोळ्यांना दिसत नाही, भिंगातून दिसतो. पाने लहान, जाडसर, पिवळट शिरांची होऊन सगळे झाडच झुडपासारखे खुजे राहिले असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असतो.

फुलकिड्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळावी, त्यात साध्या साबणाच्या द्रावणाचे काही थेंब घालावेत आणि त्याच संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारावे. अर्क उरवून ठेवू नये. आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा फवारल्याशिवाय फरक दिसत नाही. उमललेल्या फुलातही डोकावावे: 2021 च्या हंगामात आंध्र प्रदेश आणि तेलंगणातील मिरचीचे मोठे नुकसान करणारे काळे फुलकिडे फुलातच गर्दी करतात. कोळ्यासाठी आकसलेले शेंडे खुडून पाण्यात मिसळणारे 80 टक्क्यांचे गंधक लिटरमागे 2 ग्रॅम या प्रमाणात फवारावे. मात्र कडक उन्हात किंवा निंबोळी तेल फवारल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत गंधक वापरल्यास पाने करपतात. या दोन्ही त्रासांतून झाड सावरते. विषाणू लागलेले झाड मात्र कोणत्याही फवारणीने बरे होत नाही. ते उपटून, पिशवीत बांधून टाकावे. जीव तुटतो हे खरे, पण ते राखल्यास शेजारच्या कुंड्याही जातात.

शेतासाठी विकली जाणारी आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारी, कीटकनाशके घरच्या कुंडीत वापरू नयेत, अशी आमची स्पष्ट शिफारस आहे. आज फवारणी आणि उद्या त्याच झाडाची मिरची कोशिंबिरीत, असे घरी हमखास घडते, आणि लहान मुलांचा हात त्या पानांपर्यंत सहज पोहोचतो. तंबाखू मळलेल्या हातानेही रोपाला स्पर्श करू नये. तंबाखूतला मोझॅक विषाणू हातांवाटे मिरचीवर येऊ शकतो. छाटणीची कात्रीही एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्याआधी साबणाने धुवावी.

लावणीनंतर साधारण दोन महिन्यांनी पहिली तोडणी मिळते. मिरची ओढू नये, फांदी मोडते. देठासह कात्रीने कापावी. दर सात-आठ दिवसांनी तोडत राहिल्यास नवी फुले येत राहतात, आणि झाडावर मिरच्या लाल होऊ दिल्या तर बहर मंदावतो. बियांसाठी सुधारित वाणाचे एकच निरोगी झाड निवडून त्यावरच्या तीन-चार मिरच्या पूर्ण लाल होईपर्यंत ठेवाव्यात. आसपास ढोबळी मिरची किंवा मिरचीचाच दुसरा वाण असल्यास परागीकरणाने बी मिसळते, म्हणून त्या फांदीवर फुले उमलण्यापूर्वीच पातळ कापडाची पिशवी बांधावी आणि फळ धरल्यावर ती काढून दोऱ्याने खूण करावी. लाल मिरच्या सावलीत वाळवून बी कागदी पाकिटात, वाणाचे नाव आणि महिना लिहून, कोरड्या डब्यात ठेवावे आणि पुढच्या सप्टेंबरमध्येच वापरून टाकावे.