बामणोलीच्या धक्क्यावर कृष्णधवल फिल्म: प्रकाश होडीचा मोजा, पाण्याचा नव्हे

काठावरच्या होडीचे चित्र घ्यायला साताऱ्याहून कासमार्गे, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठच्या बामणोलीला सकाळी लवकर पोहोचावे. ४०० आयएसओची फिल्म आणि पिवळा फिल्टर एवढे सामान पुरते.

रचना करताना एक गोष्ट सांभाळावी. तांबडी होडी आणि मागचा हिरवा डोंगर डोळ्यांना वेगळे दिसतात, पण फिल्मवर दोन्ही जवळपास सारख्याच करड्या छटेत उतरतात आणि होडीची कड डोंगरात हरवते. म्हणून काठावर थोडे वर चढावे, म्हणजे होडी डोंगरावर न येता पाण्यावर येते.

खरी कसोटी प्रकाशमापनाची. ‘मीटर दाखवेल तसे ठेवा’ हा सल्ला शिवसागराच्या काठावर निव्वळ घातक आहे. मीटर समोरचे सारे मध्यम करडे धरतो. पाणी चमकत असले की तो प्रकाश कमी करायला सांगतो, आणि होडीच्या सावलीतल्या फळ्या, दोराची गाठ, बाजूला बांधलेला टायर, हे सगळे निगेटिव्हवर कोरे राहते. तिथे जे उमटलेच नाही, ते पुढे कोणताही स्कॅनर काढून देत नाही. उलट थोडा जास्त झालेला प्रकाश फिल्म निभावून नेते.

तेव्हा होडीच्या जवळ जावे आणि पाणी व आकाश टाळून फक्त सावलीतली बाजू मोजावी. ती बाजू चित्रात गडदच दिसायला हवी, म्हणून आलेल्या मापनातून दोन स्टॉप कमी करावेत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट): एफ/८ छिद्राला १/६० सेकंद आले, तर १/२५० ठेवावे. होडी पाण्यात दूर असेल, तर तशाच उजेडात, धक्क्याच्या सावलीतला दगड मोजावा. मीटर कॅमेऱ्याबाहेरचा असेल, तर पिवळ्या फिल्टरसाठी एक स्टॉप वाढवायला विसरू नये. पोलरायझरचा आग्रह धरणाऱ्यांचे मात्र मुळीच ऐकू नये, कारण पाण्यावरची चमक काढताना तो होडीचे प्रतिबिंबही फिके करतो, आणि माझ्या मते निम्मे चित्र त्या प्रतिबिंबातच असते. हर्णै बंदरातही मी हेच करतो.

फिल्म नेहमीप्रमाणे धुवून घ्यावी. स्कॅन करताना आपोआप उजळवण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर जपलेल्या सावल्या राखाडी होतात. इतरांना पाठवण्यासाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल पुरते. सोबत ठिकाण, फिल्म आणि महिना अवश्य लिहावा. मे महिन्यात कोयनेचे पाणी बरेच खाली गेलेले असते, त्यामुळे महिना ठाऊक नसेल तर पाहणाऱ्याला तोच काठ ओळखता येत नाही.