शाबासकी नेमकी द्या

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, रिजेक्शन (बाद होणारा माल) कमी झालं की कौतुक सुपरवायझरच्या पदरात पडतं. साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली तर कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे होणारी भोकं, पडतात, हे सगळ्यांना ठाऊक. पण ती ओल रोज मुठीत दाबून बघणाऱ्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. म्हणून "सगळ्यांनी छान काम केलं" हे मोघम वाक्य सोडा. त्यापेक्षा, "मामा, सोमवारी तुम्ही वाळू अडवलीत म्हणून अख्खा लॉट वाचला," असं चौघांत, त्याच आठवड्यात सांगा. महिनाअखेरीस सांगितलेलं शिळं होतं.

दुसरं, भाषा. मीटिंग मराठीत रंगते आणि बैलहोंगलकडचा पोरगा कोपऱ्यात नुसती मान हलवतो. मुद्दा दोन वाक्यांत कन्नडमध्येही सांगा आणि मग त्याचं मत विचारा. मोडकंतोडकं कन्नड चालतं. हसतील, हसू देत. कन्नड बोलणारे जास्त असतील तिथं मराठी माणसासाठी हेच उलट करा.

कंत्राटी कामगारांना यातून वगळू नका. बऱ्याच ठिकाणी त्यांना "ए" म्हणूनच हाक जाते, ती आधी बंद करा. आणि गावच्या यात्रेच्या तारखा आधीच विचारून शिफ्ट लावा, म्हणजे रजेसाठी कुणाला गयावया करावी लागत नाही.